वेल्कोच्या फोटोंतलं वादळ

वेल्को बाबिचला आमच्या कूबर पीडी या वाळवंटातल्या खाणगावात कुणी निवांत बसलेलं पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं त्याने ओपलची रत्नं खणली आणि जेवणाच्या सुट्टीतही सँडविच उभ्यानेच खाल्लं. गुडघे गेले तेव्हा त्याने फोटोग्राफी धरली. निम्मा वेळ नुसतं थांबावं लागतं असा छंद या माणसाने का निवडावा, हे त्याच्या बायकोला, नोरीनला, अजून उलगडलेलं नाही. त्याचं उत्तर तयार असतं. आमची घरं टेकडीच्या पोटात कोरलेली; आतल्या खोलीचं दार लावलं की मिट्ट काळोख. फुकटची डार्करूम वाया कशाला घालवायची?

वाया घालवणं आमच्या गावात चालत नाही. किटलीत पाणी कप मोजून घालतात, आणि कुणी भांडं काठोकाठ भरलं तर तो परगावचा, हे न विचारता कळतं.

वेल्कोच्या कृष्णधवल फिल्मवर लांबीभर एक फिकट पट्टा यायचा. तिथे फिल्म धुवायच्या रसायनाने, डेव्हलपरने, अर्धवटच काम केलेलं असायचं. कागदावर तोच पट्टा वरच्या बाजूला काळपट उतरायचा. वर्षाकाठी चार थेंब पडणाऱ्या गावावर त्याच्या प्रत्येक फोटोत वादळ चालून येत होतं. पबवाल्याने एक फोटो भिंतीवर लावला. पर्यटक विचारायचे, हा पाऊस कधीचा? वेल्को म्हणायचा, “आला नाही शेवटी.” दोन महिने या दोषाचं कौतुकच झालं.

मग मार्चमध्ये पेरी गेला. पेरिक्लिस, एकतीस वर्षं वेल्कोचा खाणीतला भागीदार. मुलीने त्याला कायमचं अॅडलेडला नेलं. निघायच्या आदल्या दिवशी वेल्कोने त्याला त्यांच्या जुन्या खाणीच्या तोंडाशी उभा करून अख्खी फिल्म संपवली. पेरी ताडमाड उंच. त्याचं डोकं बरोबर त्या पट्ट्यात येणार होतं. फिल्म फ्रिजमध्ये लोण्यामागे पडून राहिली आणि वेल्को येरझाऱ्या घालू लागला. पेरी परत येणार नव्हता, म्हणजे फोटोही परत निघणार नव्हते. दोष सापडल्याशिवाय ती फिल्म धुण्याच्या डब्यात घालायची नाही, असं त्याने ठरवलं.

आधी त्याने थर्मामीटरवर संशय घेतला. मग पाण्यावर, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं. मग फिल्म बनवणाऱ्यांवर. प्रत्येक संशयामागे एक चाचणीची फिल्म गेली. सगळ्यांवर नोरीनची कुत्री होती आणि तिच्या डोक्यावर वादळ होतं.

“तुझ्या हातांचा दोष आहे,” नोरीन म्हणाली. “अर्ध्या मिनिटाने एकदा डबा उलटा कर म्हणून लिहिलंय. तू कॉकटेल करतोस.”

“हलवलं की सगळीकडे लागतं.”

“हात खिशात घाल. मी घड्याळ बघून सांगेन तेव्हाच बाहेर काढ.”

नऊ मिनिटं, डबा उलटा करण्यापुरतं सोडून, तो खिशात हात घालून उभा राहिला. गावात हे कुणाला खरं वाटलं नाही. फिल्म बाहेर आली तेव्हा पट्टा आधीपेक्षा रुंद आणि ठसठशीत होता.

“घे! आता बोल,” वेल्को ओरडला.

नोरीन क्वांडाँगची फळं पाकात घालून बरण्या भरत होती. एका बरणीत वरची फळं पाकाबाहेर राहून काळवंडली होती. ती बरणीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुझा डबा आण. रिकामी चक्री आत ठेव. झाकण नको. आता रोज घालतोस तेवढं पाणी ओत.”

त्याने मापून ओतलं. दोनशे चाळीस मिलिलिटर. फिल्म गुंडाळायची पांढरी चक्री बोटभर पाण्याबाहेर उभी होती.

“बुडाला किती लिहिलंय?”

“तीनशे.” तो म्हणाला, “ते शहरातल्या लोकांसाठी असतं गं. त्यांना ओतायची सवय.”

“म्हणजे तो वरचा काठ इतके दिवस तुझ्या हलवण्यावर जगत होता, येड्या. मी तुला स्वस्थ उभं केलं आणि तेवढीही आंघोळ गेली त्याची.”

पेरीची फिल्म त्याच दुपारी धुतली. मिश्रण नोरीनने ओतलं. वेल्को “बास, बास” म्हणत राहिला आणि ती तीनशेपर्यंत गेली. पुढची नऊ मिनिटं डबा तिच्याच हातात होता आणि तो स्वयंपाकघरातून दारापर्यंत अकरा वेळा गेला. फिल्म उजेडाला धरली तेव्हा या काठापासून त्या काठापर्यंत ती एकसारखी होती. छत्तीस चौकटींत छत्तीस पेरी, डोक्यासकट, आणि सगळे वैतागलेले.

त्याने ताबडतोब अॅडलेडला फोन लावला.

“तू अख्खा आलास.”

“मी कधी अर्धा होतो?” पेरी म्हणाला. “दात दिसतायत का?”

“तोंड उघडंच आहे, शिव्या देतोयस. चांगला निवडून पाठवतो.”

“टपालाने नको. घेऊन ये.”

साडेआठशे किलोमीटर. वेल्कोने फोनची वायर ताणून दारापर्यंत एक फेरी मारली. पेरी गेल्यापासून अॅडलेडचं नाव त्याने घरात काढलं नव्हतं.

“अजून छापायचेत,” तो म्हणाला. “वाळायलाही वेळ लागतो.”

“मग गुरुवारी निघ,” पेरी म्हणाला. “आणि नोरीनला गाडी चालवू दे.”