काकाच्या पायातला पाहुणा

साठ-सत्तर सालाकडची गोष्ट. आमच्या काकाएवढ्या बिड्या साऱ्या सुरतेत कुणी ओढल्या नसतील. बमरोलीतला कापडाच्या लूमचा कारखाना बंद असला तरी काकाच्या तोंडाचं धुराडं चालूच. शेवटी पायातलं रक्त अडलं. चार पावलं चालला की पोटरी पिळून निघायची. मग अंगठा काळा पडला. लूमवर दिवसभर उभं राहणाऱ्याचा पाय गेला, म्हणजे माणूसच गेला की!

डॉक्टर म्हणाले, "पाय कापू, नाहीतर एक प्रयत्न करून बघू." कुणा मेलेल्या माणसाची राखून ठेवलेली धमनी ते काकाच्या पायात बसवणार होते. अडलेल्या जागेला वळसा घालून रक्त खाली उतरेल म्हणे. काका लगेच तयार. काकूचा एकच प्रश्न, "माणूस कुठला?"

"ते विचारायचं नसतं, बेन."

धमनी बसली. पाऊल असं गरम झालं, की त्यावर भाकरी शेकली असती. मी पीठ मळायला बसणारच होतो. डॉक्टरांनी काकूचं बोट पावलावर ठेवून ठोका दाखवला. "पाऊल गार पडलं, की धावत या. नाहीतर पाय जाईल."

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आम्ही खानदेशी लोक त्या दिवशी पितरांची घागर भरतो. काकूने यंदा दोन भरल्या. "एक मामंजींची, एक पायातल्या पाहुण्याची."

"नाव काय घेशील त्याचं?" काकाने डिवचलं.

"पायवाले बाबा! त्याने शीर दिली, तुमच्याच्याने पाणी देववत नाही?"

पुरण वाटून झालं आणि काकूने सवयीने पावलाला हात लावला. "माय वं! गार पडलं!"

मी रिक्षा आणायला असा सुटलो, की माझ्या चपला अजून उधन्याच्या रस्त्यावर मला शोधत असतील. परतलो, तर घरात हसण्याचा कल्लोळ. उकाड्याने हैराण काकाने पाऊल पाहुण्याच्याच घागरीला टेकवून ठेवलं होतं! काकूचं बोट ठोक्यावर होतं, आणि ठोका लूमसारखा खटखटत होता.

"अहो, हा तर जिता आहे! जित्याची घागर कोण भरतं?" तिने ते पाणी तुळशीला ओतलं आणि पाहुण्याच्या वाट्याच्या पोळ्या काकाच्या ताटात वाढल्या. रिक्षावालाही पंगतीला बसला.

दोघांचं जेवून काका हळूच म्हणाला, "आता पाहुण्याला एखादी बिडी?"

"पाहुणा ओढत नाही," काकू म्हणाली.