फ्लेक्सवरच्या चार पट्ट्या

आमच्या वरवट बकालच्या एसटी स्टँडवर मी कॅप्टन होते. तिथल्या फ्लेक्सवर माझ्या अंगात विमान कंपनीचा कोट होता, डोक्यावर टोपी होती, खांद्यांवर चार सोनेरी पट्ट्या होत्या आणि मागचं विमान ढगांतून थेट माझ्या पाठीवर येत होतं. खरं म्हणजे तो फ्लेक्स लागला त्या दिवशी माझ्याकडे नोकरीच नव्हती. वैमानिकाचा परवाना होता आणि मुलाखतीचं बोलावणं होतं, एवढंच. चार पट्ट्या कॅप्टनच्या असतात. नव्या पोरीला नोकरी लागली तरी ती आधी शिकाऊ म्हणून उजव्या खुर्चीत बसते, आणि त्या चार पट्ट्यांपर्यंत पोचायला वर्षं जातात.

हा पराक्रम माझ्या काकाचा. बाबांचा धाकटा भाऊ, ग्रामपंचायतीच्या राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेला. फ्लेक्सवर वरच्या बाजूला त्याच्या पुढाऱ्यांची मुंडकी रांगेत, खाली तो स्वतः मोबाइल कानाला लावून, आणि उरलेल्या जागेत मी. आमच्याकडे सत्काराची भारी घाई असते. निकाल लागायची वाट पाहिली आणि दुसऱ्या गटाने आधी शाल घातली, तर पोरगी त्यांची होते. मग काकाने मुलाखतीचं नुसतं बोलावणं आलं त्याच दिवशी ‘कॅप्टनपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ छापून आणलं, आणि रात्रीतून शिडी लावून टांगलं.

सकाळी मी पाहिलं आणि डोकं सणकलं. तशीच काकाच्या घरी गेले.

“काका, हे खोटं हाय. उतरवून टाका.”

“खोटं कायचं? आज नाही तं उद्या होनारच हायेस नं?”

“आन् नाही झाली तं?”

“अभद्र काऊन बोलतं बाई? आन् फोटोतच तं हाय. कोन पाहाले येते तेथी?”

उतरवलं तर लोक हसतील, असं वर मलाच ऐकवलं. बाबा माझ्यासोबत आले होते, पण एक शब्द बोलले नाहीत. त्यांनाही माझ्यासारखीच शिसारी आली असणार, असं मी धरून चालले. बाबा असल्या भानगडीतले नाहीत. आपली कपाशी, आपली तूर आणि सकाळचा स्टँडवरचा चहा, यापलीकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही.

नांदुऱ्याहून गाडी धरून मी मुलाखतीला गेले. विमानतळाजवळचं एक चकचकीत हॉटेल होतं. आत इतका एसी की दात वाजायचे. लेखी परीक्षा झाली, सिम्युलेटरवर उडवून दाखवलं, आणि शेवटच्या दिवशी पॅनेलसमोर जाणारे आम्ही उरलेले बाहेरच्या हॉलमध्ये बसलो. सगळे नव्या सुटात, सगळे पुटपुटत. या मुलाखतींचेही क्लास असतात, तिथे उत्तरं तयार मिळतात. ‘वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत’ याला प्रत्येकाकडे एक गोष्ट होती: डोंगरातली सहल, वाट चुकलेला गट, आणि आपण शांतपणे सगळ्यांना खाली आणलं. माझ्या डावीकडची पोरगी तीच सहल पाठ करत होती आणि उजवीकडचा पोरगाही तीच. त्या डोंगरावर किती गर्दी झाली असेल देव जाणे. लहानपणी गच्चीवरून विमान पाहिलं आणि ठरवलं, हे तर सगळ्यांचंच. ही शहाणी, हुशार, जीव तोडून शिकलेली पोरं होती, आणि नोकरीसाठी दुसऱ्याचं आयुष्य घोकत बसली होती.

उजवीकडच्याने मला विचारलं, कुठली? मी म्हटलं, बुलढाणा. तो म्हणाला, हे कुठे आलं? लोणारचं सरोवर सांगितलं तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उजाडलं नाही. मग तो पुन्हा त्याच्या डोंगरावर गेला.

पॅनेलमध्ये मुख्य दोघंच होते. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा कॅप्टन आणि कंपनीची एचआर बाई. बाईने पहिलाच प्रश्न टाकला, लग्नाचं काय ठरलंय? सासरच्यांना रात्रीअपरात्री जाणं चालेल का? माझ्या आधी आत गेलेल्या पोराला मी नंतर विचारलं. त्याला लग्नाचं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ठरलेलं नाही, आणि ठरेल तेव्हा तो पोरगा माझं ड्युटीचं रोस्टर पाहूनच हो म्हणेल. बाईने ओठ न उघडता हसून काहीतरी टिपलं.

मग कॅप्टनने आपला मोबाइल माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर आमचा एसटी स्टँड होता. मी होते, चार पट्ट्या होत्या, आणि कानाला फोन लावलेला काका होता. कोणीतरी तो फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला होता आणि तो फिरत फिरत इथे पोचला होता. कोण पाहायला येतंय म्हणे.

“अभिनंदन, कॅप्टन,” म्हातारा म्हणाला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एकदा तोंड काळं झालंच आहे म्हटल्यावर मला घोकलेलं काही आठवेना, आणि तेच बरं झालं. मी सरळ सांगितलं की हे माझ्या काकाने केलं, मी उतरवायला सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.

“घरचा मोठा माणूस तुझं ऐकत नाही,” तो म्हणाला. “उद्या विमानात शेजारी बसलेला कॅप्टन वयाने, अनुभवाने मोठा असेल. तो चुकत असेल आणि ऐकत नसेल, तर काय करशील?”

“तिथे माझ्याही हातात कंट्रोल असेल, सर. गावात शिडी काकाकडे होती.”

म्हातारा मोठ्याने हसला. त्या संपूर्ण आठवड्यात मला कोणी माणसासारखं हसलेलं तेवढंच आठवतं. मग त्याने मला विमान कधी उतरवायचं नाही, उतरता उतरता पुन्हा वर कधी न्यायचं, यावर पुष्कळ विचारलं, आणि ते मला येत होतं.

त्या संध्याकाळी आमच्या ट्रेनिंग स्कूलची एक सीनियर भेटायला आली. ती त्याच कंपनीत उडत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि त्यावर मेकअपचा थर होता. लिपस्टिक कोणत्या रंगाची लावायची तेही कंपनी सांगते, म्हणाली. आज या गावातलं हॉटेल, उद्या त्या गावातलं, सगळीकडे तीच चादर आणि तोच पराठा. राखी असो की दिवाळी, बॅग भरून फोनची वाट पाहत बसायचं. मी विचारलं, मग सोडत का नाहीस? ती म्हणाली, “पहाटे ढगांच्या वर निघालं ना, की सगळं माफ होतं. काम सोन्यासारखं आहे गं. कामाच्या आजूबाजूचं सगळं घाण आहे. तुला ती घाण झेपेल का, तेवढं बघ.”

माझी निवड झाली. काकाला आनंद झाला तो वेगळाच. पाह्य, म्हणे, माहा फ्लेक्स खरा झाला.

ट्रेनिंग सुरू व्हायला अवकाश होता. तेवढ्यात त्या एचआर बाईचा फोन आला. गोड आवाजात. कंपनी मुलींसाठी एक मोहीम काढते आहे, शेतकऱ्याची लेक आकाशात वगैरे. तुझ्या गावी येऊन फोटो काढायचे आहेत. मला वाटलं, घरी येतील, चहा पितील, आईबाबांसोबत एक फोटो काढतील. मी हो म्हटलं.

कपाशी फुटली होती तेव्हा ते आले. बाई, फोटोवाला आणि त्याचं सामान. बाईने उतरल्या उतरल्या विचारलं, बैल कुठे आहेत? मी म्हटलं, आमच्याकडे ट्रॅक्टर आहे. तिचा चेहरा पडला. काका पुढेच उभा होता. “बैल पाह्यजेत? आत्ता आनतो,” म्हणून तो गेला आणि कोणाची तरी जोडी सोडून घेऊन आला. दोघांचं असं काही जमलं, की पाहतच राहावं. तिला मराठी येत नव्हतं, काकाचं हिंदी अर्धं वऱ्हाडीच, पण एकमेकांचा शब्द खाली पडू देत नव्हते.

मग तिने गाडीतून कोट काढला. खांद्यांवर चार पट्ट्या.

मी म्हटलं, मॅडम, माझं ट्रेनिंग सुरूसुद्धा झालेलं नाही. मला एकही पट्टी लावायचा हक्क नाही. ती हिंदीत म्हणाली, “अरे, फोटोपुरतंच तर आहे. कोण मोजतंय?”

मी काकाकडे पाहिलं. तो समाधानाने मान हलवत होता.

तरीही मी गप्प बसले. नोकरी हवी होती. खोटं कशाला बोलू, त्या पहाटेच्या ढगांसाठी मी आणखी बरंच गिळलं असतं. कोट हातात घेतलाही होता. तेवढ्यात फोटोवाला आईकडे वळला. आई पाहुणे येणार म्हणून तिची चांगली जांभळी साडी नेसली होती, पायात नव्या चपला होत्या. तो म्हणाला, ही साडी नको, जुनी फाटकी काही असेल तर नेसा. चपला काढा. कापसाचं गाठोडं डोक्यावर घ्या. आणि खाली वाकून त्याने चिमूटभर माती उचलली आणि आईच्या गालाला लावायला हात पुढे केला.

आईला काही कळलंच नाही. ती पाहुण्याचा मान म्हणून गाल पुढे करून उभी राहिली.

अजूनही ते आठवलं की घास खाली जात नाही. माझ्या आईने त्या शेतात जन्म काढला, पण तोंड धुतल्याशिवाय ती कधी घराबाहेर पडली नाही, आणि हा तिला घाण करत होता, मी त्यामुळे जास्त उजळ दिसावी म्हणून. मी त्याचा हात धरला आणि खाली केला. कोट बाईच्या हातात दिला. म्हटलं, चहा घ्या आणि निघा.

काका मधे पडला. “अवं, काय करून राह्यली तू? मोठ्या लोकायले असं बोलतात?” मी त्यालाही म्हटलं, तुम्ही बैल परत करून या.

बाई जाताना गाडीच्या काचेतून अगदी शांतपणे म्हणाली, एअरलाइनचं आयुष्य आपल्याला मानवतं का, याचा तू नीट विचार कर. पुढची बॅच लागली की कळवतो, असं नंतर कंपनीचं पत्र आलं. बॅचा लागत गेल्या. मला कोणी कळवलं नाही. माझ्या डावीकडची डोंगरवाली पोरगी आता उडते आहे. चांगली उडवत असेल, तिच्यावर माझा राग नाही. मी एका धावपट्टीवर नव्या पोरांना छोटं विमान शिकवते. ढगांच्या वर जात नाही, खालीच घिरट्या घालते. विमान मला मानवतं. बाकीचं नाही मानवलं.

पण त्या दिवशी गाडी गेली आणि माझा राग जाईना. मी काकाच्याच ओसरीवरची शिडी उचलली, विळा घेतला आणि स्टँडवर गेले. दोऱ्या सपासप कापल्या. फ्लेक्स खाली पडला तसा चहावाल्यासकट सगळा स्टँड माझ्याकडे पाहत होता. मी तो गुंडाळून खांद्यावर टाकला आणि घरी आणला. आई म्हणाली, मोठा हाये, तुरीच्या कुटाराच्या ढिगावर झाकाले होईन. मी म्हटलं, झाक. तोंड खाली करून झाक.

बाबा ओसरीवर बसले होते. ते उठले, फ्लेक्सची गुंडाळी थोडी उलगडली, आणि दोऱ्या कापताना विळा फोटोतल्या माझ्या कपाळावरून गेला होता तिथे बोट फिरवलं.

“रोज सकाळी चहाले गेलो की पाहात होतो,” ते म्हणाले. “तो चहावाला मले बाकड्यावर फ्लेक्सच्याच बाजूनं तोंड करून बसवे.”

मी म्हटलं, “बाबा, पन ते समदं खोटं होतं. कोट खोटा, टोपी खोटी, पट्ट्या खोट्या.”

“हाव,” बाबा म्हणाले. “चेहरा तं तुहा होता.”