मी दिलेली शाबाशी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमची कंपनी वाळवंटी सरावासाठी राजस्थानात पोहोचली. मुक्काम सहा आठवड्यांचा होता. मी हवालदार, एका सेक्शनचा कमांडर. हाताखाली नऊ जवान. ही शौर्याची आठवण नाही. ज्यांना तशी हवी असेल त्यांनी पुढे वाचू नये.

दिनक्रम ठरलेला होता. ०४०० ला उठणं, ०४३० ला चहा, ०५०० ला फॉल-इन. ऊन चढायच्या आत मार्च किंवा फायरिंग. अकरा ते चार तंबूत. प्रत्येकाजवळ एकेक लिटरच्या दोन वॉटर बॉटल. कंपनी कमांडर मेजरसाहेबांची लेखी ऑर्डर होती. दर तासाला हॉल्ट, आणि प्रत्येक हॉल्टवर सेक्शन कमांडरनं जवानांना आपल्या डोळ्यांदेखत पाणी प्यायला लावायचं. त्या ऑर्डरखाली वाचल्याची माझी सही होती.

त्याआधी सहा महिने मी एक कॅडर, म्हणजे बढतीसाठीचा कोर्स, केला होता. त्यात मॅन मॅनेजमेंट हा विषय होता. माणसाचं मन ओळखून त्याच्याकडून काम कसं घ्यावं, याचा अभ्यास. मी शिव्या खाऊन वाढलेला शिपाई. शिवी न देता माणूस पळवता येतो, हे मला फार हुशारीचं वाटलं. परत आल्यावर मी एक वही केली. प्रत्येक जवानाचं एक पान. घरी कोण आहे, आजारी कोण आहे, त्याला कशाचा अभिमान आहे, कशाची लाज वाटते. अशी वही माणसांच्या भल्यासाठी ठेवायची असते. मी ती माणसं हाकायला ठेवली.

सेक्शनमध्ये बीडचे आम्ही दोघंच होतो. मी वडवणीकडचा आणि लान्स नायक भागवत देवकते चकलांब्याचा. वय सत्तावीस, लग्न झालेलं, वडील मेंढरं राखणारे. बाकी बरेचसे कोल्हापूर-साताऱ्याकडचे. संध्याकाळी चेष्टा चालायची.

"काय रे भागवत, तुमच्याकडं अंघोळ फक्त सणाला करत्यात म्हणं?" कोल्हापूरचा पाटील विचारायचा.

"सणाला कावून? एकदा हळदीला करायची, मंग थेट तिरडीवर," भागवत म्हणायचा. "तुमी समदे बेडकं. नळ बंद झाला की मरताल बे."

सगळे हसायचे, मीही हसायचो. आणि मग वहीत त्याच्या पानावर मी लिहिलं: कमी पाण्यात राहण्याचा अभिमान.

दुसऱ्या आठवड्यात आमचा सेक्शन मार्चमध्ये मागे पडायला लागला. हॉल्टवर पाणी पीत बसलेली माणसं लवकर उठत नव्हती. मला पहिलं यायचं होतं. मी जाहीर केलं की परत आल्यावर ज्याच्या बाटल्यांत सगळ्यात जास्त पाणी उरेल, त्याला रोल कॉलला पुढे बोलावून शाबाशी मिळेल. सुट्टी नाही, बक्षीस नाही. नुसती शाबाशी.

तीन दिवस लागोपाठ भागवत पुढे आला. मी त्याच्या पाठीवर थाप मारायचो आणि म्हणायचो, "बघा. ह्याला म्हणतात दुष्काळातला माणूस." बाकीचे टाळ्या वाजवायचे. दहा मिनिटांचे हॉल्ट तीन मिनिटांवर आले. पाणी प्यायला लावायची ऑर्डर मी मोडली नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. मी फक्त ती बोलून दाखवणं बंद केलं होतं.

प्लाटूनचे सुभेदारसाहेब म्हणाले, "क्या जादू किया, हवालदार?"

"सायकॉलॉजी, साब."

हे उत्तर मी छाती फुगवून दिलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या दिवशी अठरा किलोमीटरचा मार्च होता. ०५१५ ला निघालो. वारा पडलेला होता. ०८३० नंतर वाळू बुटातून भाजायला लागली. ०९१० च्या हॉल्टला भागवत उभाच राहिला. सकाळपासून त्यानं एकही चेष्टा केली नव्हती. चेहरा लाल आणि कोरडा होता. घाम नव्हता. मी हे सगळं पाहिलं.

"ठीक आहेस ना?"

"काय न्हाई, उस्ताद." त्यानं बाटली कानाशी नेऊन हलवून दाखवली. "लई हाय अजून."

मी म्हणालो, "शाबास."

तो शुद्धीत असताना मी त्याच्याशी बोललेला हा शेवटचा शब्द.

०९४० ला तो रांग सोडून उजवीकडे चालायला लागला. मी हाक मारली. तो म्हणाला, "मेंढरं तिकडं गेलीत." पाटील हसला, त्याला वाटलं भागवत गंमत करतोय. वीस पावलांवर भागवत गुडघ्यावर आला आणि तोंडावर पडला.

मी रेडिओ ऑपरेटरच्या हातातून हँडसेट घेतला.

"चार्ली, चार्ली वन. हीट कॅज्युअल्टी, एक. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"चार्ली वन, चार्ली. होश में है? ओव्हर."

"नो. ओव्हर."

"पानी डालो, छाँव करो. ॲम्ब्युलन्स चल पडी है. आऊट."

ग्राउंडशीट धरून सावली केली. त्याचा शर्ट काढला. पाणी ओतायला त्याच्या बाटल्या काढल्या. एक गळ्यापर्यंत भरलेली होती. दुसरी अर्धी. जे पाणी त्यानं सकाळपासून प्यायला हवं होतं, ते आम्ही त्याच्या अंगावर ओतलं. ॲम्ब्युलन्स १०३५ ला आली. भागवत ११५० ला गेला, रस्त्यातच.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सांगितलं, "प्रत्येक हॉल्टला पाणी प्यायची ऑर्डर दिली होती. त्यानं ती पाळली नाही." आदल्या संध्याकाळी मी जवानांना जमवून तेवढंच सांगायचं, असं बजावलं होतं. सगळ्यांनी तेच सांगितलं. पाटीलनंही. माझ्या माणसांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, इतकी त्यांच्यावर माझी पकड होती. कागदावर निष्कर्ष आला की जवानानं स्वतः निष्काळजीपणा केला.

जिल्ह्याचा माणूस म्हणून त्याला गावी न्यायला मलाच पाठवलं. त्याचे वडील किसनबापू घोंगडं खांद्यावर टाकून उभे होते. रडत नव्हते. त्यांनी मला एकच विचारलं.

"पानी न्हवतं का त्याच्यापाशी?"

"होतं, बापू. तो प्याला नाही."

यात एक शब्द खोटा नव्हता. तरीही माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तेच.

पुढे मी रिटायर झालो आणि आमच्या भागातल्या एका सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर सुपरवायझर म्हणून लागलो. दूध गोळा करणारे आठ टेम्पो आणि त्यांचे ड्रायव्हर माझ्याकडे होते. चकलांब्याच्या रूटवर मी कधी पाऊल ठेवलं नाही. काही ना काही कारण काढून दुसऱ्याला पाठवलं.

एके वर्षी सलग दुसरा दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीला गेली, दूध निम्म्यावर आलं. ड्रायव्हर सकाळी दूध आणायचे आणि दुपारी पाण्याच्या टँकरवर जायचे. माणसं कातावली होती. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावला. विषय होता मानसशास्त्र आणि नेतृत्व. एसी हॉलमध्ये आम्ही पंधरा जण. तो म्हणाला, "चारचौघांत केलेलं कौतुक माणसाला पगारापेक्षा जास्त पळवतं."

तो खोटं बोलत नव्हता. माझा संताप त्याच्यावर नाही, माझ्यावर आहे. कारण त्यानं विचारलं, "कुणाचा अनुभव?" आणि मॅनेजरसाहेब म्हणाले, "आमचे हवालदारसाहेब सांगतील." मी उठलो. पाण्याच्या बाटल्यांची गोष्ट सांगितली. हॉल्ट तीन मिनिटांवर आले, आमचा सेक्शन पहिला आला, इथपर्यंत सांगितली आणि खाली बसलो. चौथा दिवस सांगितला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान झुकवून त्या घेतल्या.

पुढच्या सोमवारी केंद्राच्या दारात बोर्ड लागला. 'या महिन्याचा मानकरी.' एकही खाडा न करणाऱ्या ड्रायव्हरचा फोटो त्यावर. पहिल्या महिन्यात जालिंदरचा फोटो लागला. दुसऱ्या महिन्यातही त्याचाच. जालिंदर चाळिशीचा, बोलघेवडा, चकलांब्याच्या रूटवरचा.

मे महिन्यात एके दिवशी सकाळी दहाला त्यानं टेम्पो आत आणला आणि खाली उतरून दाराला धरून उभा राहिला. बडबड नाही. चेहरा लाल, कोरडा.

"काय होतंय, जालिंदर?"

"काय न्हाई, साहेब."

मला पुढचं माहीत होतं. मी तेच परत विचारलं असतं तर त्यानं तेच परत सांगितलं असतं. माझ्यासारख्याला खरं कोण सांगेल? मी त्याच्याजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "मला बीपीची गोळी चालू आहे. काल खुर्चीतून उठताना डोळ्यापुढं अंधारी आली. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोललो नाही."

मग तो म्हणाला, "तीन रोज झाले ताप हाय. आज मादळमोहीच्या पुढं डोळा लागलता. टेम्पो खाली उतरलता पार. कुनाला सांगू नका साहेब, फोटू जाईल."

"फोटो गेला खड्ड्यात." मी किल्ली काढून घेतली, त्याला सावलीत बसवलं आणि मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पूर्ण तांब्या, माझ्या डोळ्यांदेखत. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बोर्ड उतरवला.

मॅनेजरसाहेब बाहेर आले. "हे काय चाललंय? तुमचीच गोष्ट ऐकून लावलाय हा बोर्ड!"

"गोष्ट अर्धी होती."

"म्हणजे?"

"गोष्टीतला माणूस मेला, साहेब. मी मारला."

जालिंदरनं ऐकलं होतं. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "कोन मानूस?"

मी नाव सांगितलं.

"चकलांब्याचा? किसनबापूचा भागवत?" तो ताडकन उठला. "साहेब, रोज डेअरीवर भेटतो म्हातारा मला. पोराचा इषय निघाला की शिव्या देतो. म्हनतो, मेंढराला बी कळतं तहान लागली तर पानी प्यावं. माझं पोरगंच येडं निघालं, उशाला पानी ठिवून मेलं. समदं गाव येडा भागवत म्हनतं त्याला."

नऊ वर्षं. नऊ वर्षं बापानं मेलेल्या मुलाला वेडा म्हटलं, कारण मी दोन खरी वाक्यं बोलून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी जालिंदरच्या जागी मी टेम्पो घेतला. सकाळी सहाला चकलांब्याच्या दूध संस्थेत पोहोचलो. किसनबापू ओट्यावर बसले होते. त्यांची सून अलका, भागवतची बायको, कॅन घेऊन उभी होती. मी ओळख दिली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. वही, शाबाशी, तीन दिवस, चौथा दिवस. इन्क्वायरीत काय बोललो ते. मी माफी मागितली नाही. मागण्यासारखं तोंड नव्हतं.

अलका आधी बोलली.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "सुट्टीवर आला की तांब्याभर पानी प्यायचा आन् मंगच चपला काढायचा. असा मानूस पानी कसा ठिवंल? मी म्हनत व्हते, ह्यात काय तरी हाय. माझं कोनी ऐकलं न्हाई. मामंजींनी बी न्हाई." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी जेवून-खाऊन झोपत व्हता का ओ?"

बापू उठले. मला वाटलं काठी पडणार. पडली असती तर बरं झालं असतं.

"हे तू कुठं ठिवलतं रं इतके दिस?" ते म्हणाले. "माझ्या तोंडून माझ्याच लेकराला शिव्या घालून घेतल्यास तू."

"हो, बापू."

"मला सांगून काय उपेग? मी तर उद्या मरंल. त्याला येडं म्हननारं गाव हितं येतंय आता. हुबा ऱ्हा. येईल त्याला सांग."

"सांगतो."

"मोठ्यानं सांग."

पहिला माणूस आला, दोन लिटर दूध घेऊन. बापूंनी काठीनं माझ्याकडे दाखवलं. मी सांगितलं. त्यानं मान खाली घातली. दुसरी एक बाई आली. तिनं ऐकून माझ्या पायाशी थुंकलं. तिसरा म्हणाला, "आता कावून सांगायलास बे?" त्यालाही सगळं सांगितलं. मध्ये आवाज बसला तेव्हा अलकानं पाण्याचा तांब्या पुढे केला नाही आणि मी मागितला नाही. बापू प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभे होते. कुणी अर्ध्यातून निघालं तर म्हणायचे, "थांब. पुरं ऐकून जा."

साडेआठपर्यंत बेचाळीस माणसं आली. बेचाळीस वेळा मी तेच सांगितलं. प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य, बापूंनी शिकवलेलं. तेच इथं लिहितो, कारण हे वाचणारेही कुणाचे तरी साहेब असतील.

लान्स नायक भागवत किसन देवकते, राहणार चकलांबा, वेडा नव्हता. पाणी राखायला त्याला वरून सांगितलं होतं.