पंच्याहत्तरचं काडतूस

त्या केसची आठवण निघाली की मला आरोपीचा चेहरा आधी आठवत नाही, काडतुसाचा भाव आठवतो. शंभराचं काडतूस पंच्याहत्तरला! निवृत्तीच्या थोडं आधी मी वाशीम जिल्ह्यात मालेगाव-रिसोड पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. नाव कुणाचंच घेणार नाही. माणसं अजून त्याच गावांत राहतात आणि बाजारात एकमेकांना भेटतात.

आमच्या हद्दीत रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांचा त्रास भारी. त्यामुळे काही शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणाचा परवाना आणि बारा बोरची बंदूक असते. वर्षाला काडतुसं किती घ्यायची, ते परवान्यावर ठरलेलं असतं. दुकानदार काडतुसं देतो, नोंद करतो, शेतकरी सही करतो. खरं सांगायचं तर बहुतेक जण डुकराला मारतही नाहीत. हवेत एक बार काढला की कळप पळतो, आणि माणूस घरी येऊन झोपतो.

एके दिवशी शेजारच्या जिल्ह्यातला एक काडतूस-विक्रेता तणतणत माझ्यासमोर येऊन बसला.

"साहेब, वाशीमचा तो दुकानदार मले धंद्यातून उठवून राह्यला. कंपनीतून मालच नव्वदनं पडते. मी शंभरनं विकतो. दहा रुपयांत दुकानभाडं, चौकीदार, परवाना फी, सारं आलं. अन् हा पठ्ठ्या पंच्याहत्तरनं देते!"

"मग तुम्हीही द्या," मी म्हणालो. "स्वस्त विकणं हा काही गुन्हा नाही."

"स्वस्त नाई साहेब, तोट्यात! तोट्यात कोणी काहून विकन?"

त्याचा प्रश्न बिनतोड होता, पण त्यावर गुन्हा दाखल होत नव्हता. अर्ज ठेवून घेतला, चहा पाजला आणि त्याला वाटेला लावलं.

पुढे तुरीची सोंगणी सुरू झाली. सकाळी बाया शेतात कामाला निघाल्या होत्या. बांधाजवळ बार झाला आणि पुढे चालणारी बाई किंचाळून खाली बसली. छर्रे तोंडावर लागले होते. तिचा डावा डोळा गेला. दोन लेकरांची आई, रोजमजुरीवर घर चालवणारी. बार काढणारा तुरीतून पळाला, कुणाला दिसला नाही.

पंचनाम्यात आम्हाला एक रिकामं काडतूस मिळालं. त्यावरच्या छापील क्रमांकाचा माग काढत आम्ही वाशीमच्या त्या दुकानदाराला विचारलं, हा पंचवीसचा डबा कुणाला विकला? त्यानं पटकन नाव सांगितलं. नाव बाजूच्याच शेतकऱ्याचं निघालं. पन्नाशीचा, अबोल माणूस. ती बाई कैक वर्षं त्याच्याच वावरात कामाला जात होती.

बंदूक जप्त केली. परवान्यावर पंचवीस काडतुसांची नोंद आणि खाली त्याची सही. घरात जिवंत नऊ, रिकामी सहा. दहा गायब.

"दहा कुठं गेली?"

तो गप्प. दोनदा विचारलं, तरी गप्प. बाहेर गावकरी जमले होते आणि त्यांचा निकाल लागूनच गेला होता. आमचे जमादारही म्हणाले, "साहेब, आता काय बाकी राह्यलं? टाका आत."

माझी एक सवय होती. मुक्या माणसाला गुन्ह्याचं विचारायचं नाही, व्यवहाराचं विचारायचं. चहा मागवला आणि सहज म्हणालो, "काडतुसं फारच महाग झाली म्हणे आता."

"नाई जी," तो एकदम बोलला. "मले तं पंच्याहत्तरनंच भेटली."

शेतकरी मार खाईल, पण आपण स्वस्तात आणलेल्या वस्तूचा भाव सांगायचा राहणार नाही! मला तो तणतणत आलेला विक्रेता आठवला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

"पंचवीसही पंच्याहत्तरनं?"

त्यानं मान खाली घातली. "घेतली पंधराच, साहेब. सही पंचवीसवर केली. दुकानदार म्हणे, तुमाले एवढी कायले लागते? कोटा पुरा नाई उचलला तं पुढच्या साली कमी करतीन. सही पुऱ्या डब्यावर करा, लागन तेवढी न्या, मी भाव कमी लावतो. आमच्याकडं सारेच तसं करते."

"मग इतका वेळ काहून बोलला नाही?"

"बोललो असतो तं परवाना गेला असता."

"आणि न बोलता जेलात गेला असता, ते चाललं असतं?" माझा आवाज चढला. राग आला होता आणि कीवही येत होती.

दुसऱ्या दिवशी वाशीमला त्या दुकानदारासमोर बसलो. माणूस गोड बोलणारा. म्हणाला, "साहेब, शेतकऱ्याची सेवा आहे. नफ्याचं काय घेऊन बसले!"

जमादार हसले. "शेटजी, घोडा गवताशी दोस्ती करन तं खाईन काय?"

हिशेब सरळ होता. नव्वदचं काडतूस पंच्याहत्तरला देऊन पंधरा गेले. ते कुठूनतरी भरून निघत असणार. आणखी तीन परवानाधारकांना काडतुसं घेऊन ठाण्यात बोलावलं. तिघांचीही कमी भरली आणि तिघांनीही तेच सांगितलं. ते जबाब ऐकवल्यावर शेटजींची सेवा आटोपली. प्रत्येक डब्यातली उरलेली काडतुसं बिनपरवाना गिऱ्हाइकाला चारशेला एक जात होती. घेणारा डुकराचं मटण चोरून विकणारा. त्याच्या घरी गावठी बंदूक सापडली, आणि त्याच क्रमांकाची काडतुसंही. त्यानं कबूल केलं, तूर हलली, त्याला डुक्कर वाटलं.

दोघांना अटक झाली, दोषारोपपत्र गेलं. शेतकरी गोळीबाराच्या आरोपातून सुटला, पण खोट्या सहीपायी त्याचा परवाना गेलाच. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. गुन्हेगार ओळखायला शिकलो होतो. पण गुन्ह्याला साध्या, पापभीरू माणसाची सही लागते आणि ती थोड्या सवलतीत मिळते, हे मला या केसनं शिकवलं. तेव्हापासून कुणी भावापेक्षा फार स्वस्त दिलं की मी ती वस्तू घेत नाही. घरचे हसतात, हसू देत.

बाईचा पुरवणी जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो, तेव्हा तो शेतकरी पिशवीत फळं घेऊन दाराशी उभा होता. आत यायची त्याची हिंमत होईना. तिनंच बोलावलं. डोळ्यावर पट्टी होती. त्यानं रडत रडत तिला सगळं सांगितलं.

तिनं त्याच्या हातातली पिशवी घेऊन बाजूला ठेवली. मग विचारलं, "दादा, किती वाचले तुमाले?"

"पावणेचारशे," तो कसाबसा म्हणाला.

"एवढेच? मले मांगले असते तं मीच देल्ले असते ना, दादा."