लिफ्टरची झोप

फोरमनने मला बोलावलं तेव्हा दौलत रामटेके वर गर्डरवर नुसता बसून होता. हातात पाना, पण बोल्ट तसाच. हाका मारूनही लक्ष नाही. भिलाईचा प्लांट तेव्हा उभा राहत होता आणि दौलत रिगर होता, म्हणजे उंचावर चढून लोखंडी गर्डर जोडणारा. तिथे अशी तंद्री लागणं जिवावरचं.

मी वेल्फेअर इन्स्पेक्टर. कँटीन, क्वार्टर, घरगुती तक्रारी माझ्याकडे. कामगारांचा व्हॉलीबॉल क्लबही माझ्याकडेच. दौलत आमच्या टीमचा लिफ्टर. लिफ्टरने नेटजवळ चेंडू उचलून द्यायचा, स्मॅशरने तो मारायचा.

खाली उतरल्यावर त्याने एवढंच सांगितलं की झोप लागत नाही. कारण सांगेना. ते मला क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांकडून कळलं; ते साइटचे इंजिनियरही होते. मधू मेश्राम टीममध्ये आल्यापासून दौलत मुद्दाम चेंडू आखूड देतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी त्याला टीममधून काढलं होतं, आणि असला माणूस साइटवरही नको म्हणत होते.

मधू नागपूरचा, दौलतच्याच वस्तीतला. त्याला इथे आणलं, रिगरचं काम शिकवलं, स्वतःच्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं ते दौलतनेच. उंच, हसरा गडी. त्याचा स्मॅश बघायला वसाहतीच्या सेक्टरमधली माणसं जमू लागली होती.

मी साहेबांकडून थोडी मुदत मागून घेतली आणि दौलतला खालचं काम दिलं. फोरमनने त्याच्या जागी वर चढवलं ते मधूलाच.

दुसऱ्या दिवशी दौलत माझ्या ऑफिसात येऊन बसला.

"चेंडू म्या उचलून द्याचा अन् टाळ्या त्याले. घरी बायको म्हणते, मधूले भाकर वाढू का. आता वरची जागाबी तुमी त्यालेच देल्ली."

"राग आला?"

"राग नाही साहेब. मन जळते." त्याने उठून दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "काल तो वर चढून राह्यला होता. मले वाटलं, याचा पाय घसरावा. मीच आणलं न त्याले. मले माह्याच मनाचं भेव लागून राह्यलं."

मी उपदेश केला नाही. बोलून दाखवलंस ते बरं केलंस, म्हटलं. शिफ्ट सुटली की रोज इथे ये, जे टोचलं ते सांगत जा. प्लांटच्या डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं. क्वार्टर लहान पडतं असं सांगून मधूला हॉस्टेलमध्ये हलवलं. खरं कारण त्याला कधी सांगितलं नाही. सेक्रेटरीसाहेबांनाही नाही. लिफ्टर आजारी आहे, बरा होईल, एवढंच म्हटलं.

दौलत येत राहिला. कधी मधूच्या नव्या बुटांवर बोलायचा, कधी फोरमनने मधूच्या खांद्यावर ठेवलेल्या हातावर. कधी नुसता बसून जायचा. हळूहळू झोप आली, मग तो गर्डरवर परत गेला. टीममध्ये घ्यायला साहेब तयार नव्हते. नव्या लिफ्टरचे चेंडू मधूला जमेनात, तेव्हा झाले.

त्या वर्षीच्या स्पर्धेची फायनल आम्ही हरलो. दौलतने मात्र सगळे चेंडू नीट दिले. टाळ्या मधूलाच पडल्या. नेट सोडून गुंडाळताना मी दौलतकडे पाहिलं.

"आजबी जळलं," तो म्हणाला. "पण झोप लागन."

दोघांचं पूर्वीसारखं जमलं नाही. मीही आग्रह धरला नाही. पुढे मात्र टीममध्ये कुणी चांगला नवा खेळाडू आला, की ज्याला ते टोचेल त्या जुन्या खेळाडूच्या घरी मी आधी चहाला जायचो.