एकाच गालावरचा चट्टा

शेजारच्या मावशींइतकी खुळी बाई मी पाहिलेली नाही. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे त्या एकट्या. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावरचा दीड वर्षाचा ढब्बू दिवसभर त्यांच्याकडे असायचा, तेवढाच घरात आवाज. पोरगं नावाला शोभेल असं गुबगुबीत, आणि झोपणार ते फक्त त्यांच्या डाव्या खांद्यावर.

मग ढब्बूच्या गालावर लाल चट्टा उठला. त्याच्या आईने साबण बदलला, दूध बदललं, अंडं बंद केलं. डॉक्टरांच्या मलमाने दोन दिवस बरं वाटायचं, मग ये रे माझ्या मागल्या. कुणीतरी मांजराच्या केसांवर संशय घेतला, तर मावशींनी सात वर्षं सांभाळलेली मांजर बहिणीकडे पाठवून दिली. चट्टा होता तिथेच. शेवटी ढब्बूच्या आईने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे स्वच्छता असते ना?" भिंतीतून मला ऐकू आलं आणि माझं डोकंच फिरलं.

मावशी मात्र विचार करत बसल्या. मला म्हणाल्या, "घामोळं मानेवर येतं, लंगोटाचं मांडीत येतं. हे एकाच गालावर का गं? आणि रविवारी घरी राहिला की सोमवारी गाल निवळलेला कसा?" बोलता बोलता त्यांचा हात खांद्यावर गेला आणि त्यांनी बोटं हुंगून पाहिली. ते धूड वागवून खांदा भरून यायचा, म्हणून रोज सकाळी तिथे बाम चोळायच्या. त्यावरच गाल टेकून पोरगं दोन तास झोपायचं.

"अगं बाई! मग बाम बंद करा, विषय संपला," मी म्हटलं. "सांगायला जाऊ नका. तिच्या हाती आयतं कोलीत मिळेल."

"महिनाभर लेकरू माझ्यामुळे खाजवत होतं. न सांगून कसं चालेल?"

संध्याकाळी सांगून आल्या. ढब्बूची आई फार गोड बोलली म्हणे. सोमवारपासून तो पाळणाघरात जायला लागला. जिन्यात मावशी दिसल्या की अजून हात पसरतो, आई "उशीर होतोय" म्हणत त्याला पुढे नेते. गाल अगदी स्वच्छ झालाय.

मी म्हटलं, निदान मांजर तरी परत आणा. तर म्हणे, बहिणीच्या नातवंडांना तिचा लळा लागलाय.

काल सहज विचारलं, "खांदा कसा आहे, मावशी?"

"थांबलं दुखायचं," त्या म्हणाल्या. "आता दुखेल कशानं?"