मामांची तिजोरी

आमच्या हिच्या मामांइतका सावध माणूस उभ्या रत्नागिरी तालुक्यात सापडायचा नाही. हायस्कुलात कारकून होते तेव्हा खडूची खोकीसुद्धा कुलपात ठेवायचे आणि किल्ली जानव्याला बांधायचे. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी भाट्ये गावच्या घरात साखरेच्या डब्याला कुलूप आहेच. मामी होत्या तेव्हाही आम्हाला चहा मिळायचा तो मामांची आंघोळ उरकल्यावर, कारण किल्ली त्यांच्याबरोबर न्हाणीघरात!

मामी गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर पुण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, आता एकटं राहायचं नाही. घर बंद करू, माझ्याकडे चला." आठवड्याने मला मामांचा फोन आला. "जावईबापू, तिजोरी घ्यायची आहे. कुणाला कळता कामा नये."

त्या तिजोरीपायी मी दुकानाच्या चार खेपा घातल्या. मामा एकेक तिजोरी नारळासारखी बोटांनी वाजवून बघायचे. दुकानदाराने बटणं दाबून उघडणारी दाखवली, तर म्हणाले, "खाऱ्या हवेत माझ्या दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, ही बटणं काय टिकणार?" शेवटी दुकानातली सगळ्यात जड, किल्लीची तिजोरी पसंत पडली. ते धूड टेम्पोतून उतरवायला वाडीतले आठ जण बोलवावे लागले. मामांनी प्रत्येकाला कोकम सरबत पाजून बजावलं, "बाहेर बोलायचं नाही हो!" दुसऱ्याच दिवशी रस्त्याने जाता जाता पार पूर्णगडहून येणारी मासळीवाली ओरडली, "काय वो मामा, तिजोरी बसली का?"

बसते कुठली! गवंडी म्हणाला, जांभ्याच्या भिंतीत बोल्ट धरायचा नाही, दगडाचा भुगा होईल. मग मामांनी माजघराची जमीन खणून तिजोरीचं बूड काँक्रीटमध्ये गाडून घेतलं. "आता ही जल्मात हलायची नाय," गवंडी म्हणाला. मामा एवढे खूश, की विचारायच्या आत साखरेचा डबा उघडून त्याला चहा दिला. तेव्हापासून दर शनिवारी कुलपाला खोबरेल आणि दमट होऊ नये म्हणून आत तांदळाची पुरचुंडी. मामींनी आपले दागिने हयातीतच सुनेला देऊन टाकले होते. मग आत आहे तरी काय? ही म्हणायची सोन्याची नाणी, मी म्हणायचो बागेचे कागद. मामांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "असं विचारायचं नसतं." आणि मुलाने पुण्याला बोलावलं की, "येईन रे, पण तिजोरी कुणाच्या भरवशावर टाकू?"

यंदा मे महिन्यात मुलगा हट्टानेच आला. "आतलं सगळं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू आणि निघू. द्या किल्ली." मीही तिथेच होतो. मामांनी जानव्याची गाठ सोडून किल्ली दिली. मुलाने दार उघडलं. आत तांदळाची पुरचुंडी. बाकी काही नाही.

मामा खिडकीतून माडांकडे बघत उभे होते. मुलाने रिकाम्या कप्प्यांवरून एकदा हात फिरवला आणि पुरचुंडी नीट जागेवर सरकवली. मग त्याने दार लावलं, किल्ली दोनदा फिरवली आणि मामांच्या हातात ठेवली.

"खरंच बाबा, एवढं सगळं सोडून कसे येणार तुम्ही?"

"तेच तर केव्हापासून सांगतोय," मामा म्हणाले आणि किल्ली पुन्हा जानव्याला बांधू लागले.

मुलगा एकटाच परत गेला. आता तो रोज संध्याकाळी फोन करतो आणि सगळ्यात आधी विचारतो, "बाबा, तिजोरी बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे," मामा सांगतात. "तू काळजी करू नकोस."